खाट नंबर चौदाचा भुंगा

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र आणि दोन सदरे मिळाले. सदरे अंगाला नीट बसले, पत्रात मात्र जुनंच दुखणं आहे. आशीर्वादातला रफार तू पुन्हा ‘शी’च्या डोक्यावर ठेवलास. अगं, तो ‘वा’चा. तीस वर्षं सांगतोय. छापखान्यात माझ्या हाताखालून दिवसाला चाळीस पानं जातात, आणि घरच्या बहिणीचा एक शब्द मला सुधारता येत नाही! बायको म्हणते, बहिणीने आशीर्वाद दिला की मुकाट्याने घ्यावा, त्याची मुद्रितं तपासू नयेत.

आता कामाचं. आमच्या इंजेक्शनची चौकशी करायला अखेर समिती नेमली गेली. सतरा वर्षांपूर्वी बसथांब्याजवळ एक माणूस भिंतीला हात लावून झोकांड्या खात चालताना दिसला होता, आठवतं? लोक त्याला दारुडा समजून बाजूला होत होते. मी चालीवरून ओळखलं, त्या इंजेक्शनने कानाबरोबर चालण्यातला तोलही जातो. आपल्या मुलांच्या वॉर्डातला खाट नंबर नऊ. आता घड्याळं दुरुस्त करतो, म्हणून आम्ही त्याला घड्याळजी म्हणतो. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना हुडकत आलो. अर्ज केले, फलक घेऊन कचेऱ्यांसमोर उभे राहिलो, आणि आज त्रेचाळीस जण आहोत. सगळे त्याच छातीच्या रुग्णालयातले, तेच इंजेक्शन टोचून घेतलेले, छाती बरी करून आणि कान तिथेच ठेवून आलेले. आमच्या सभेत कुणी कुणाचं ऐकून घेत नाही, म्हणजे इतरांच्या सभेसारखीच सभा.

मला काय हवंय ते तुला कधी नीट लिहिलं नाही. बहिऱ्यांच्या शाळेत माझं नाव घातलं तेव्हा कारकुनाच्या अर्जात दोनच चौकोन होते, ‘जन्मतः’ आणि ‘अपघात’. त्याने पहिल्यात खूण केली. त्याचीच नक्कल होत होत ते माझ्या प्रत्येक कागदावर आलं: ‘जन्मता बहिरा’. विसर्गसुद्धा नाही. खोटं लिहिलं तेही अशुद्ध. त्रेचाळीस जणांच्या कागदांवर तेच आहे.

छापखान्यात बरोबर शब्द चुकून खोडला गेला, तर आम्ही त्याच्याखाली ठिपके देतो आणि समासात लिहितो, ‘आहे तसेच ठेवा’. माझी पहिली नऊ वर्षं कुणीतरी अशीच खोडून टाकली आहेत. मी तेव्हा ऐकत होतो, ताई. मला त्या नऊ वर्षांखाली ठिपके द्यायचे आहेत.

अडलंय एका ठिकाणी. औषध बनवणारी कंपनी म्हणते, ‘कानात आवाज येऊ लागताच इंजेक्शन थांबवावं’ असं औषधासोबतच्या चिठ्ठीत छापलेलं होतं, पण एकाही मुलाने तशी तक्रार केल्याची नोंद नाही. वॉर्डाच्या नोंदवहीच्या झेरॉक्स मिळाल्या. मी पट्टी ठेवून ओळ न् ओळ वाचली. खरंच नाही. तेव्हाची नर्स वारली, बहुतेकांचे आईवडीलही गेले. पण आईची धुलाईखान्यात पाळी असायची म्हणून रोज चार ते सहा तू यायचीस. माझ्या कानात भुंगा आला होता तो तुला आठवतो ना? तू त्याची केवढी गोष्ट रचली होतीस! १८ एप्रिलला समितीसमोर येऊन एवढंच सांगशील का?

तुझा,
छोट्या (वय वर्षे एकावन्न)


२० फेब्रुवारी

चि. छोट्यास,

पत्र पोचलं. सदरे बसले हे बरं झालं. मानेचं माप अंदाजाने घेतलं होतं. इकडे काम फार आहे. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर आली आहे, एकशे दहा सदरे, प्रत्येकाला सात काजं. हाताखालच्या दोघी मुली काजं करतात पण टाके सैल पडतात, मग उसवून मलाच करावी लागतात. तुझ्या भावोजींचा गुडघा तसाच आहे. पोस्टातून सुटले तरी रोज सकाळी पिशवी घेऊन फिरायला जातात. रिकामीच असते.

तू समितीचं लिहिलंस. एवढ्या लांब मला येणं जमेल असं वाटत नाही. आणि आले तरी काय सांगणार? त्या गोष्टीला किती वर्षं झाली. मला काही आठवत नाही. भुंगा वगैरे तू लहानपणी काहीबाही बोलायचास, तेव्हा ताप असायचा तुला. एवढं आयुष्य त्या एका गोष्टीपायी घालवलंस, आता प्रकृतीकडे बघ. तुझ्या बायकोला सांग, थंडीत सदऱ्याच्या आत बनियन घालायला लाव.

अनेक आर्शीवाद.

ताई


३ मार्च

ताई,

‘मला काही आठवत नाही’ हे वाक्य चार वेळा वाचलं. त्यात एकही खाडाखोड नाही. बाकी पत्रात नऊ आहेत. म्हणजे हे वाक्य तू आधी दुसऱ्या कागदावर लिहून बघितलंस.

आज मनात आहे ते लिहितोच. माझे कान गेले त्यानंतर तू माझ्यासमोर बोललीस की तोंडावर हात धरतेस. पहिल्यांदा वाटलं, दात दुखत असेल. मग तुझ्या लग्नात पाहिलं. सगळ्यांशी तू मोकळ्या तोंडाने बोलत होतीस, आणि मी समोर आलो की हात वर गेला. पाटीवर लिहायचीस, ‘जेवलास का?’ बेचाळीस वर्षांत तू मला पाटीवर सगळ्यात जास्त वेळा काय विचारलं असशील तर जेवलास का. मी ओठ वाचायला शिकलो तो कुणासाठी? शाळेतल्या बाई आरशासमोर बसवून शिकवायच्या. ‘बाबा’, ‘मामा’, ‘पापा’ ओठांवर एकसारखेच दिसतात, त्यामुळे माझ्या नातेवाइकांची फार गल्लत व्हायची. तरी शिकलो, कारण सुट्टीत घरी आलो की ताईशी बोलता येईल. आणि तू हात काही खाली घेतला नाहीस. बहिरा भाऊ चारचौघांत असा डोळे फाडून तोंडाकडे बघतो, याची तुला लाज वाटत असेल असं मी धरून चाललो. राग आला नाही, वाईट वाटलं. आजही वाटतं.

समोर असताना तोंडावर हात, आणि आता पत्रात कानावर हात. मी कुठे बघू?

माझ्याकडे आवाज थोडेच आहेत. वॉर्डातल्या शेगडीवर भांड्यात सुया उकळायच्या त्यांची खळखळ. आईची किल्ली दारात फिरायची तो आवाज, ती एकदा उलटी फिरवायची आणि मग सुलटी. खाटेचं एक चाक. आणि तू. तुझा आवाज माझ्याकडे सतरा वर्षांचाच आहे. तुझे केस पिकले, चष्मा आला, तो आवाज मात्र तसाच आहे आणि तो फक्त भुंग्याची गोष्ट सांगतो. ‘हलू नकोस हं छोट्या, तो लाजाळू आहे, आपण त्याच्याबद्दल बोललो नाही की तो आपोआप उडून जातो.’ एवढंच. पुढचं सगळं गेलं, पण हे राहिलं. मी रोज ते काढून बघतो, नीट आहे ना म्हणून. तुला आठवत नसेल तर हे एकट्या माझंच उरलं, आणि कागदावर तर मी जन्मापासून बहिरा. उद्या कुणी म्हणालं की हे तू स्वप्नात ऐकलंस, तर मी काय दाखवू?

यायचं नसलं तर येऊ नकोस. पण आठवत नाही म्हणू नकोस.

छोट्या


२५ मार्च
(पोस्टकार्ड)

छोट्या,

तुझ्या ताईने मला लिहायला सांगितलंय की तिला बरं नाही, म्हणून तुझ्या तीन तारखेच्या पत्राचं उत्तर राहिलं. ती ठणठणीत आहे. मला खोटं लिहिण्याचा सराव नाही, चौतीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं पोचवली, स्वतः लिहिली कमी. शिवणयंत्रापुढे बसते, पण पाय हलत नाही. गणवेश तसेच पडलेत. तुझं पत्र कापडाच्या गठ्ठ्याखाली ठेवलंय आणि दिवसातून दोनदा गठ्ठा उचलून परत ठेवते. काय लिहिलंस मला माहीत नाही, दुसऱ्याचं पत्र मी वाचत नाही. पण उत्तर येईल असं वाटतं. धीर धर. हे कार्ड आल्याचं तिला कळवू नकोस.

तुझा,
भावोजी


२ एप्रिल

छोट्या,

मला सगळं आठवतं.

चुका होतील, आज काढू नकोस. हे मी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या भावोजींना काल रात्रीच्या जेवणाआधी सांगितलं, त्यांनी पाणी आणून दिलं.

तुला साठ सुया होत्या, रोज एक. त्याच सुमाराला माझं नाव शिवणवर्गात लागलं होतं. वर्षभर थांबल्यावर लागलं होतं. बाईंनी सांगितलं होतं, पहिल्या तारखेला हजर झाली नाहीस तर जागा दुसरीला देईन. तुझ्या सुया त्याच्या चार दिवस आधी संपणार होत्या. मी भिंतीवर कोळशाने रेघा मारून मोजत होते. मग चोविसाव्या दिवशी तू म्हणालास, ताई कानात काहीतरी गुणगुणतंय. त्याच दिवशी शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या आईला आया सांगत होती की मूल कुरकुरलं की सुया पुन्हा एकपासून मोजतात. खरं होतं की खोटं मला माहीत नाही. मी घाबरले. एकपासून मोजलं तर माझा वर्ग गेला.

म्हणून मी भुंगा काढला. ती गोष्ट नव्हती रे. तू गप्प बसावंस म्हणून मी ते रचलं. लाजाळू आहे, कुणाला सांगू नकोस, सांगितलंस तर घर करून बसेल. तू इतका शहाणा, अकरा दिवस कुणाला काही बोलला नाहीस. मी आले की खुणेने विचारायचास, अजून आहे, सांगू का? आणि मी मान हलवायचे, नाही.

बाराव्या दिवशी तू पाणी मागितलंस आणि मी कोणता पेला म्हणून विचारलं ते तुला कळलं नाही. दोनदा विचारलं. तेव्हा मी नर्सकडे गेले. पण तिथेही खरं बोलायची हिंमत झाली नाही, अकरा दिवस का लपवलंस असं विचारतील म्हणून. मी म्हणाले, त्याच्या कानात भुंगा गेलाय. ती हसली. टॉर्च मारून बघितलं, तेल घातलं, आणि सुई दिली. पुढच्या पंचवीसही दिल्या.

शेवटच्या आठवड्यात एकदा मी चार वाजता आले. तू खिडकीकडे तोंड करून बसला होतास. मी दारातून हाक मारली. परत मारली. तिसऱ्यांदा मी ओरडले, तेव्हा कोपऱ्यात फडकी घडी करणारी आया वळली. पोर एकही वळलं नाही. अख्ख्या वॉर्डातलं एकही.

मी पहिल्या तारखेला शिवणवर्गाला गेले. त्याच शिवणावर जगले, दोन पोरं वाढवली. तुला दरवर्षी सदरे पाठवते ना, त्याचं कारण हे. तू म्हणतोस मला लाज वाटते. वाटतेच, पण तुझी नाही. तुझ्यासमोर तोंड उघडलं की मला वाटायचं, मी दुसरं काही बोलत असले तरी तुला ओठांवर भुंगाच दिसेल.

आणि तू तेच जपून ठेवलंस. रोज काढून बघतोस म्हणे. माझा चांगला आवाज कधीतरी असेल की रे तुझ्याकडे, त्याआधीचा, तो का नाही ठेवलास?

मी साक्षीला येऊन काय सांगू? त्यांनी विचारलं की मुलाने तक्रार केली का, तर मी सांगायचं, केली, आणि बहिणीने दाबली?

आर्शीवाद द्यायचा हक्क नाही, तरी देते.

ताई


११ एप्रिल

ताई,

पहिले दोन दिवस मी तुझ्यावर चिडलो होतो, ते लपवत नाही. पत्र टेबलाच्या खणात पालथं घालून ठेवलं. छापखान्यात एका पानावर चार चुका सोडल्या, मालकाने चष्म्यावरून बघितलं. बायकोला सांगितलं, ताईने मला विकलं एका शिवणयंत्रासाठी. ती म्हणाली, सतरा वर्षांच्या पोरीला दोन तासांत अख्खा वॉर्ड कसा कळणार होता? मी तिच्यावरही चिडलो. तिला माझी ही चिडचिड सवयीची आहे, ती भाजी निवडत राहिली.

तिसऱ्या दिवशी तुझी एक ओळ डोक्यातून जाईना: ‘टॉर्च मारून बघितलं, तेल घातलं.’ ही ओळ मी आधी कुठेतरी वाचली होती, आणि ती तुझ्या अक्षरात नव्हती. झेरॉक्सचा गठ्ठा काढला. ऐक:

‘खाट १४. कानात कीटक. टॉर्चने पाहिले, दिसला नाही. तेल दोन थेंब. इंजेक्शन दिले.’

खाट चौदा मी. तारीख लावून पाहिली, माझा पस्तिसावा दिवस. पुढे गेलो. खाट नऊ, कानात कीटक, दिसला नाही, इंजेक्शन दिले. खाट एकवीस, तेच. खाट सहा, तेच. दीड महिन्यात सतरा वेळा, अकरा मुलं. ऐन कडाक्याच्या थंडीत! खिडक्यांना एवढी बारीक जाळी होती की डास आत यायचा नाही, आणि अकरा पोरांच्या कानांत किडे?

ही सगळी पानं मी पट्टी ठेवून वाचली होती. मी ‘आवाज’ शोधत होतो, ‘घंटा’ शोधत होतो, ‘गुणगुण’ शोधत होतो. ‘कीटक’वरून माझी पट्टी सतरा वेळा खाली सरकली. माणसं कानाडोळा करतात म्हणून मी जगाला बोल लावत आलो, आणि खरा कानाडोळा केला तो मी. मालकाला कळलं तर उद्याच घरी बसवील.

पण माझा भुंगा बाकीच्यांच्या कानांत गेला कसा? मग आठवलं. तू कुणाला सांगू नकोस म्हणालीस, आणि मी मोठ्या माणसांना खरंच सांगितलं नाही. पोरांना सांगितलं. तू सहाला गेलीस की मी फुशारकी मारायचो, माझ्याकडे भुंगा आहे, तो लाजाळू आहे. ज्याच्या त्याच्या कानात गुणगुण सुरू झाली त्याने तोच शब्द उचलला. पोरांनी तक्रार केली, ताई. भरपूर केली. फक्त माझ्या शब्दात केली, आणि नर्सने त्याचा कीटक केला.

परवा सात जणांना घरी बोलावलं. का ते सांगितलं नाही. प्रत्येकाच्या हातात पाटी दिली आणि लिहून विचारलं, कान जायच्या आधी कानात काय व्हायचं? घड्याळजीने लिहिलं, भुंगा. पिवळी म्हणून एक आहे, तेव्हा कायम पिवळा स्वेटर घालायची, आता आजी झाली, तिनेही भुंगा. सात पाट्या वर झाल्या, सात भुंगे. एकमेकांच्या पाट्या बघून ते रडायलाच लागले, कारण प्रत्येकाला वाटत होतं की हा आपल्या एकट्याचाच वेडेपणा.

तेव्हा तू अकरा दिवस लपवलंस म्हणतेस, तर मी दहा पोरांना चुकीचा शब्द शिकवला. कुणाचा दोष मोठा ते तूच मोजून सांग. मी नऊचा होतो, तू सतराची. टॉर्च त्यांच्या हातात होता. कानात पाहिलं, किडा दिसला नाही, तरी किडा लिहिला, आणि त्याच ओळीत पुढे इंजेक्शन दिलं. सतरा वेळा. एवढी वर्षं तू दोष चुकीच्या डोक्यावर ठेवून फिरलीस, तुझ्या त्या रफारासारखा.

या वेळच्या चुका काढल्या नाहीत. एकही.

आता खरं सांगतो, कारण तू घाबरलीस तर समजण्यासारखं आहे. तुझ्याशिवाय हे उभं राहत नाही. भुंगा म्हणजे गुणगुण, हे ज्याने तो शब्द दिला त्यानेच सांगायला हवं. आमचं आम्ही सांगितलं तर म्हणतील, बसून जुळवलं. कंपनीचे वकील तुला अकरा दिवसांबद्दल विचारणारच. चारचौघांत विचारतील. मी तिथे असेन, पण मधे पडता येणार नाही.

ये असं लिहायचा मला हक्क नाही. मी वाट बघतोय एवढं लिहितो. तशी ती बेचाळीस वर्षं बघतोच आहे.

छोट्या


१५ एप्रिल

छोट्या,

येते. सतराला संध्याकाळी पोचेन. तुझे भावोजी सोबत येतो म्हणत होते, मी म्हटलं गुडघा सांभाळा. गणवेश सगळे देऊन झाले, शेवटचे चाळीस काल दिवसभरात शिवले.

त्या लोकांपुढे बोलताना हात कुठे ठेवू ते सांग. माझा हात आपणहून वर जातो.

आर्शीवाद.

ताई


२४ एप्रिल

ताई,

गाडीत खिडकी मिळाली का, भावोजींनी काय विचारलं, सगळं कळव. फलाटावर तू गाडी सुटेपर्यंत तासभर बोललीस, हात खाली ठेवून. निम्मं कळलं. उरलेलं बहुधा भावोजींच्या गुडघ्याबद्दल होतं, ते चुकलं तरी चालेल. गाडी गेल्यावर मी बराच वेळ बाकावर बसून होतो. तू पुन्हा जाशील हे माहीत होतं, तरी.

त्या दिवशी काय झालं ते तू ऐकलंस, मी पाहिलं. तू मान खाली घालून बसली होतीस, म्हणून मी पाहिलेलं तुला लिहून ठेवतो.

लांबलचक टेबल, त्यावर पाण्याचा तांब्या, अध्यक्ष, त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक जण, कोपऱ्यात टंकलेखक. भिंतीपाशी आम्ही एकतीस जण. आमच्या शाळेतल्या बाई खुणांनी सगळं आम्हाला सांगत होत्या. तुझं नाव पुकारलं आणि मी बाईंकडे बघणं सोडून दिलं. नंतर टंकलेखकाची प्रत मागून वाचली, म्हणून शब्दही माहीत आहेत. वकिलांनी विचारलं, अकरा दिवस का लपवलंत? तू म्हणालीस, ‘शिवण शिकायचं होतं म्हणून.’ बस्स. लहान होते, कळत नव्हतं, आया म्हणाली, यातलं काहीच सांगितलं नाहीस. वकील पुढचा प्रश्न विचारायला दोनदा उठले आणि दोनदा बसले.

मग अध्यक्षांनी विचारलं, मुलाने तुम्हाला आणि तुम्ही नर्सला नेमका कोणता शब्द सांगितला?

तुझा हात वर निघाला होता. मी पाहिला. हनुवटीपर्यंत आला, आणि तू तो परत टेबलावर ठेवलास आणि दुसरा त्याच्यावर ठेवलास. अध्यक्षांकडे न बघता माझ्याकडे बघितलंस. ओठ मिटले, त्यांचा चंबू झाला, मग उघडले.

आमच्यापैकी एकालाही बाईंच्या खुणेची गरज लागली नाही. वहीत अकराच जण होते, पण एकतीस जणांचे हात आपोआप कानाशी गेले. मी वळून पाहिलं तेव्हा पिवळी डोळे मिटून कान चोळत होती. अध्यक्षांनी आमच्याकडे बघितलं आणि टंकलेखकाला सांगितलं की त्या सतरा नोंदी तक्रारी म्हणून धरल्या जातील, आणि आमच्या कागदांवरचा ‘जन्मतः’ काढून ‘औषधामुळे’ लिहावं. कंपनीचं आणि रुग्णालयाचं काय करायचं तो निकाल यायचा तेव्हा येईल. घड्याळजी म्हणतो, लढाई अजून बरीच आहे. आहेच. पण नऊ वर्षं परत मिळाली, ताई. दुरुस्त कागद काल हातात आला. ‘औषधामुळे’ बरोबर लिहिलंय, मी तपासलं.

तू विचारलं होतंस, त्याआधीचा चांगला आवाज का नाही ठेवलास. आवाज निवडून ठेवता येत नाहीत, जो शेवटी उरतो तो उरतो. मला तोच मिळाला आणि मला तो आवडतो. तू तो मला गप्प करायला काढलास हे आता कळलं, तरी आवडतो. बेचाळीस वर्षं माझ्याकडे नुसता आवाज होता, त्याला तोंड नव्हतं. त्या दिवशी टेबलापलीकडे पिकल्या केसांची, चष्मा लावलेली तू बसली होतीस, तुझे ओठ हलले, आणि सतरा वर्षांची ती पोरगी माझ्या कानाशी बोलली. भुंगा. मला ते ऐकू आलं.

‘ऐकू आलं’ लिहून सवयीने मी ते खोडलं होतं. मग त्याच्याखाली ठिपके दिले. आहे तसेच ठेवा.

तुझा,
छोट्या